भिंतीवरचे पाहुणे

—नाही, नाही, मी काही चुका काढायला आलो नाहीये, तुम्ही रंगवा. सावली आहे म्हणून बसलोय. या स्टेडियमच्या भिंतीचा तेवढाच उपयोग, दुपारनंतर सावली पडते. आता तुम्हीच शिडीवरून विचारलंत, आजोबा, चेहरे जमलेत का, म्हणून सांगतो — चेहरे जमलेत. माणसं खोटी आहेत. तुमचा दोष नाही त्यात, क्लबवाल्यांनी जे फोटो दिले त्यावरून तुम्ही काढणार. मी तसा बोलत नाही कधी. बस डेपोत जन्म गेला माझा, गाड्यांच्या खाली उताणा पडून, तिथे मला मुका म्हणायचे. पण तुम्ही विचारलंत—

हा पहिला, मिशीवाला. 'तोफ'. खाली नाव लिहिणार ना? लिहा, तोफ लिहा. याच्या एका फटक्यानं जाळी फाटली होती, असं भेटेल तो सांगतो. ज्याचा तेव्हा जन्म नव्हता तोही हात पसरून दाखवतो, एवढं भोक पडलं म्हणून. अहो, जाळी फाटकीच होती! मैदान बघणारा म्हातारा ती तारेनं बांधून ठेवायचा, त्या दिवशी तार सुटली. झाली तोफ! डोक्यानं कधी चेंडू मारला नाही यानं. का? भांग मोडेल. आणि हा शेजारचा गोलकीपर, 'मांजर' — काय ती झेप, काय ती झेप — चेंडू आत गेल्यावर झेप! आधी वळून बघायचा, गेला का, गेला, मग उडी. तुमच्या हातातला फोटो बघा बरं. चेंडू दिसतोय का कुठे? नाही ना? कसा दिसेल, तो मागे जाळीत पडलाय. आणि तो चष्मेवाला म्हणजे 'प्रोफेसर', विचार करून पास द्यायचा म्हणे. त्याचा विचार होईपर्यंत समोरचे अकराच्या अकरा चहा पिऊन परत आले असते.

आणि खेळणारे परवडले, बघणारे नकोत. डेपोत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की हेच सुरू — ते खेळाडू राहिले नाहीत, तो काळ राहिला नाही. ज्या मॅचला कप जिंकला ना, त्या मॅचला पाऊस होता. अर्धा स्टँड रिकामा. मी पाय पसरून बसलो होतो, मला माहीत आहे. आणि आज? आज ती मॅच डोळ्यांनी पाहिली म्हणणारे सगळे बसवायचे म्हटले तर अशी चार स्टेडियमं बांधावी लागतील, वर पायऱ्यांवर सतरंज्या टाकाव्या लागतील. कुणीच घरी नव्हतं हो त्या दिवशी!

मी? मी आपला जायचो. दर रविवारी. घरी बसून तरी काय करायचं. तिकडे, पाण्याच्या टाकीखाली, स्वस्तातला कोपरा होता, तिथे.

हा शेवटचा? हो, ओळखला. कसा नाही ओळखणार. 'वावटळ'. दोन्ही हात पसरून, गळ्यात हार, चेहरा आभाळाकडे, वा. असे कधी उभे नव्हते ते. क्लबानं सत्कार केला तेव्हा फोटोवाल्यानं सांगितलं, हात पसरा, म्हणून पसरले बिचाऱ्यांनी. वावटळ म्हणे! घरात पंख्याचं बटण दाबायला उठत नव्हते पाहुणे. भिंतीत एक खिळा ठोकायचा तर मला डेपोतून बोलावणं. मैदानात तरी काय, डाव्या बाजूला रेघेला चिकटून उभे, चेंडू कुणी आणून देईल म्हणून. निम्मी मॅच असेच उभे—

पाहुणे म्हणजे — पाहुणे म्हणालो का मी? असो. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान ते. तिचं लग्न झाल्यापासून पाहुणेच म्हणतो. मला पसंत नव्हतं ते स्थळ, सांगून ठेवतो. चेंडूच्या मागे धावणारा माणूस उद्या बायकोला काय खाऊ घालणार? पण बहीण हटून बसली, मग काय.

तर उभे असायचे असे, आणि मी टाकीखालून ओरडायचो. मी, मुका! 'पाहुणे, जेवायला बसलात का?' असं. सगळा कोपरा हसायचा. एकदा काय झालं, मी असाच ओरडलो, आणि त्यांनी नेमका तेव्हाच चेंडू घेतला, दोघातिघांना बाजूला काढलं आणि केला गोल. बाकीचे मिठ्या मारायला धावले, तर हे सगळ्यांना चुकवून थेट आमच्या कोपऱ्यात आले, रेघेवर उभे राहिले, आणि उजवा हात असा कानामागे. 'काय म्हणालात? ऐकू आलं नाही.' तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावर हसू नाही. माझ्याकडे बघत. अख्ख्या स्टँडनं छप्पर डोक्यावर घेतलं, त्यांना वाटलं आपल्यालाच म्हणतायत, आणखी ओरडा. तेव्हापासून मी ओरडायचो, आणि गोल झाला की ते यायचे. हात कानामागे. खेळणं सोडेपर्यंत. आता बघा, या क्लबाचं काल भरती झालेलं पोरगंसुद्धा गोल केला की कानामागे हात नेतं. लोक सांगतात, वावटळीला जनतेचा आवाज ऐकायचा असायचा! जनतेचा! मेव्हण्याला टोमणा मारत होता तो माणूस.

नाही, घरी कधी विषय नाही. सोमवारी मी बहिणीकडे गेलो की ते म्हणायचे, बसा. मी म्हणायचो, बसतो. एवढंच. सगळा जन्म त्यावर निघाला.

म्हणून म्हणतो, हात खाली घ्या त्यांचे. डावा खाली, उजवा कानामागे. फोटो? फोटो कुठला असणार, फोटोवाले सगळे गोलच्या मागे बसायचे, टाकीकडे कोण येतो. फोटो नाही तर काढता येत नाही? मग शिकलात काय, भिंती पुसायला? — रागावू नका. परवा पडदा उघडणार आहेत म्हणून जीव थोडा... नाही, मला काय करायचंय भिंतीशी.

आता त्यांना आठवत नाही काही. आधी मॅच विसरले, मग घराची वाट, मग बहिणीचं नाव. तिला 'अहो बाई' म्हणतात. ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडते, म्हणजे मला ऐकू येऊ नये. आणि हे तुमचे भक्तलोक येतात, गळ्यात क्लबाचे रुमाल घालून, त्यांच्या खुर्चीशेजारी उभे राहून कानामागे हात लावून फोटो काढतात, ओळखलं का साहेब, म्हणतात. ते खिडकीकडे बघत बसतात. डॉक्टर म्हणाले, प्रेमानं बोलत जा. बोललो. बहीण घास घेऊन प्रेमानं विनवतेय, ते तोंड घट्ट मिटून. एक दिवस माझं डोकं फिरलं, म्हटलं, 'पाहुणे, जेवायला बसलात का?' तिकडून ओरडायचो तस्सं. आणि हो, हात उठला. हळूहळू, गुडघ्यावरून, असा कानापर्यंत. माझ्याकडे बघितलं. आणि तोंड उघडलं.

तेव्हापासून रोज दुपारी जातो. ओरडतो, ते जेवतात, मी घरी येतो. शेजारणीला वाटतं, म्हातारा किती दुष्ट आहे, आजारी माणसावर खेकसतो.

मध्ये ताप आला त्यांना. ताप गेला. पण हात नाही उठला परत. कालही नाही, आजही नाही. दोनदा ओरडलो मी आज. बहीण म्हणाली, दादा, राहू दे आता. राहू दे म्हणे. तो हात गेला म्हणजे — जाऊ द्या, तुम्हाला काय सांगतोय मी. म्हटलं घरात नाही तर निदान भिंतीवर तरी असू दे. म्हणून आलो. सावली वगैरे काही नाही.

तिलाच सांगून आलोय, त्यांची चाकांची खुर्ची इकडून आण म्हणून. मैदानाचा वारा लागला तर... ती बघा, आलीच कोपऱ्यावरून. निळी साडी. पुढे खुर्चीत ते. बघा तुमची वावटळ, मानेला उशी लावलीये.

मी ओरडू? भररस्त्यात? बसस्टॉपवर माणसं उभी आहेत. नाही उठला तर? बहिणीसमोर आणखी एकदा नाही उठला तर? — तुम्ही शिडीवरून बोलू नका, तुम्हाला काय कळतंय. थांबा. थांबा जरा, उभा राहू द्या.

पाहुणे!

— वारं उलटं आहे. —

अहो पाहुणे! जेवायला बसलात का?

...

...दिसला? तुम्हाला वरून नीट दिसला ना? उजवा. कोपर बघा, खांद्याच्या वर नाही जात. बोटं बघा, करंगळी वाकडी राहते, ती तशीच घ्या. बघून घ्या, म्हणतोय ना, असा किती वेळ धरणार आहे तो माणूस! आणि तोंड मिटलेलं काढा. हसायचे नाहीत ते, सांगितलं ना, एकदाही हसले नाहीत.

काय? आत्ता हसतायत?

ऊन आलं असेल डोळ्यांवर. वळा भिंतीकडे, रंग वाळतोय तुमचा.