जाळीवरचा गाळ

अहिल्या : हवा मारू नका अजून, बाबा. आधी डिझेल मुरू दे आत. ट्रे खाली नीट आहे ना?

सूर्यकांत : आहे. पण फिल्टरच्या भोकातून हवा मारून होणार काय?

अहिल्या : इंजिनच्या तळाला चेंबर आहे, त्यात ऑइल असतं. ते वर खेचणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी आहे. ती गाळानं भरली, म्हणून ऑइल चढत नाही आणि लाल लाइट लागते. आपण उलटी हवा मारून गाळ खाली पाडायचा. हं, मारा आता.

सूर्यकांत : पडतंय काहीतरी. काळं, डांबरासारखं.

अहिल्या : शी. ऑइल कधी बदललं होतं तुम्ही?

सूर्यकांत : तुझी आई गेल्यापासून गाडी फारशी निघालीच कुठे.

(नवा फिल्टर बसवून, नवं ऑइल भरून झालं. सूर्यकांत गाडी सुरू करतात.)

सूर्यकांत : गेली लाइट. बिल्कुल गेली. चल, हात धू पटकन. ऑफिसातले शांताराम येतील गाडी न्यायला, विकलीय ना त्यांना.

अहिल्या : आज? हे टेम्पररी आहे, बाबा. जाळीला चिकटलेलं तसंच असणार. चेंबर उघडून ती काढून धुतल्याशिवाय गाडी लांब नेता येणार नाही. सांगितलंय ना तुम्ही शांतारामकाकांना?

सूर्यकांत : काय?

अहिल्या : लाइट लागत होती ते.

सूर्यकांत : आता लागत नाहीये ना.

अहिल्या : बाबा.

सूर्यकांत : अगं, सगळ्या ऑफिसात सांगून बसलोय, गाडी नव्यासारखी ठेवलीय म्हणून. परवा अचानक लाइट लागली. रविवारी माझं सामान पुण्याला चाललंय. आता रिटायर होताना कुणाला काय सांगू?

अहिल्या : मग मला मेट्रोनं फरीदाबादहून इथं कशाला बोलावलंत? मला वाटलं, गाडी ठीक करतोय आपण. यार, मला माझीच शरम वाटायला लागलीय.

सूर्यकांत : तू काय केलंस त्यात?

अहिल्या : लाइट घालवली. आले बघा ते, गेटमधून.

शांताराम : नमस्कार साहेब. ताई, नमस्कार. माझी बायको वीणा येणार होती गाडीला हार घालायला, पण आईजवळ कुणीतरी लागतं. बायपासनंतर तिला एकटं ठेवत नाही. शनिवारी निघतोय तिला घेऊन, गावी इस्लामपूरला. दोन दिवसांचा रस्ता आहे.

सूर्यकांत : एवढ्या लांब? गाडीनं?

शांताराम : ट्रेनची दगदग झेपत नाही तिला. मागच्या सीटवर आडवी होईल. एरवी गाडी म्हटलं की घाबरते, पण साहेबांची आहे म्हटल्यावर लगेच हो म्हणाली.

सूर्यकांत : अहिल्या, पाणी आण शांतारामांना.

अहिल्या : आणते. हात असे आहेत, वेळ लागेल.

शांताराम : कशानं काळे झाले हो, ताई?

सूर्यकांत : ते जरा सर्व्हिसिंग... बसा ना, शांताराम. नको, राहू दे, असंच ऐका. गाडीत दोष आहे. ऑइलची लाल लाइट लागत होती. हिनं आत्ता वरवर साफ करून दिलंय. चेंबर उघडायला हवं, नाहीतर रस्त्यात इंजिन जाम होईल.

शांताराम : अच्छा.

सूर्यकांत : हो.

शांताराम : बरं झालं सांगितलंत, साहेब.

सूर्यकांत : बरं कसलं. लाइट घालवून मग सांगतोय.

शांताराम : कधीपासून लागत होती?

सूर्यकांत : परवापासून. काल ऑफिसात तुम्ही गाडीचे पेढे वाटलेत, तेव्हा मला माहीत होतं. मी दोन खाल्ले.

अहिल्या : काका, तुम्ही बसा. मी पाणी आणते.

शांताराम : नको, ताई. साहेब, एक विचारू? राग मानू नका.

सूर्यकांत : विचारा.

शांताराम : चेंबर उघडाल तेव्हा माझा मेहुणा आला तर चालेल? गुणवंत. गॅरेज आहे त्याचं. आज बरोबर येतो म्हणत होता. मीच नको म्हटलं, बरं दिसत नाही म्हणून.

सूर्यकांत : आत्ताच बोलवा. त्याला सगळं उघडून बघू दे. मी इथंच उभा राहतो.