कडू चहा

"सूनबाई, याला औषध कधी विचारून द्यायचं नाही."

सासूबाई जाऊन वर्षं लोटली, तरी तो आवाज आजींच्या कानात ताजा होता. डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर त्या आजोबांना खेटून बसल्या होत्या. आजोबांचं डायलिसिस घरीच, पोटात बसवलेल्या नळीतून चालायचं; त्या नळीवाटे निघालेलं पाणी आज गढूळ होतं. त्याची पिशवी आजींनी तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरली होती.

"मास्क काढून नळी जोडलीत ना?"

"शिंक आली. मास्कमध्ये शिंकू?"

"घ्या मग! शिरले जंतू पोटात."

"जंतूंचं राहू दे. कालपासून तुझा चहा कडूजहर लागतोय."

"तापानं तोंडाची चव गेलीय तुमच्या."

"मग बिस्किट बरं गोड लागतं!"

समोरचा बाक हसला. तेवढ्यात नर्स आली.

"आजोबा, हे पाणी तपासायला पाठवते. तोवर दोन अँटिबायोटिक्स पिशवीतून पोटात सोडू. जंतू कळला की त्याला लागू पडेल तेवढंच ठेवू. घरी काही गोळ्या घेतल्यात?"

"मी? गोळी दिसली की मी पळतो."

"नक्की ना? गोळी आधीच पोटात गेली असेल, तर जंतू तपासणीत सापडत नाही. औषध चुकलं, तर नळीच काढावी लागेल."

"हिला विचारा. माझ्या पोटात काय जातं ते हिलाच ठाऊक."

आजींनी पिशवी घट्ट धरली.

"सिस्टर, चहा कडूच होता. हे दवाखान्याचं नाव काढू देईनात, माझा जीव टांगणीला. आमच्या कुत्र्याचा कान पिकला होता ना, त्याच्या उरलेल्या गोळ्या कुटून घातल्या मी."