कार्डावरचा नंबर

अरे, एका ग्राफिक्स कार्डानं माझं डोकं कसं फिरवलं होतं, ते सांगतो. नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो आणि गडमुडशिंगीच्या शाळेत पोरांना फुकट कॉम्प्युटर शिकवत होतो. देणगीतला जुना कॉम्प्युटर सुरू झाला, पण पडद्यावर रंग सोळाच. उद्या रंगीत नकाशे दाखवतो, असं मी पोरांना सांगून बसलेलो. त्यासाठी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, हवा होता, पण कार्ड कुठल्या कंपनीचं तेच कळेना. कॉम्प्युटरची पेटी उघडली तर चिपवर पांढऱ्या बारीक अक्षरांत ४७/३. कोल्हापुरात सायबर कॅफेत तीन तास शोधलं. जगात असं कार्डच नाही!

परत येऊन हेडसरांना विचारलं, "सर, हे ४७/३ कार्ड आलं कुठून?"

"कार्डाचा न्हाय, शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरचा नंबर हाय त्यो. बाकापासून घंटेपर्यंत मीच रंगवतो की."

"मग कार्डाचा मूळ नंबर?"

"व्हता कायतरी. एका वस्तूवर दोन नंबर बघून तपासणीला साहेब घोळ घालत्यात. म्हणून पॉलिश पेपरनं घासून काढला."

मी पेटीचं झाकण लावलं. सर खुशीत म्हणाले, "औंदा तपासणीत एकबी शेरा आला न्हाय!"