दर चाळीस मिनिटांनी

(मुलुंड. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पॅक करणारा कारखाना. जेवणाची सुट्टी. रेवती एचआरमधली, नंदा तीन नंबरच्या लाईनवरची.)

रेवती : म्हणजे दर चाळीस मिनिटांनी तुम्ही चौघी आपापसांत जागा बदलता. बरोबर ना?

नंदा : कोण म्हणालं?

रेवती : कॅमेरा. तीन दिवसांचं फुटेज बघितलंय मी.

नंदा : भारी आहे. भिंतीवर लिहायचं 'बिनधास्त बोला, नवं सुचवा', आणि त्याच्याच वर कॅमेरा लावायचा.

रेवती : अहो, पकडायला नाही आले मी. आठ महिन्यांत तुमच्या लाईनवरून एकही खराब बाटली बाहेर गेली नाही. बाकीच्यांची वाट लागलीय. आणि या 'कल्पना महिन्या'त माझ्याकडे फक्त एक फॉर्म आलाय. कॅन्टीनच्या पोह्यांत शेंगदाणे घाला म्हणून.

नंदा : तो माझाच.

रेवती : नंदाताई, प्लीज. जागा का बदलता, ते सांगा ना.

नंदा : दिव्यासमोर बाटली धरून तास-दोन तास कचरा शोधत बसा एकदा. डोळे उघडे असतात, पण दिसत काही नाही. उठून लेबलं लावायला बसलं की डोळ्यांना बरं वाटतं. एवढंच.

रेवती : झकास! हेच लिहूया. शुक्रवारी आपले मॅनेजर विद्याधर सर तुम्हाला बक्षीस देतील. आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्या लाईनींना हाच नियम.

नंदा : नियम म्हणजे?

रेवती : प्रत्येकीने प्रत्येक जागेवर बसायचं. वेळ लिहून सही करायची.

नंदा : मग नको.

रेवती : का पण? तुमचंच नाव होईल.

नंदा : फुटेज नीट बघितलं नाही तुम्ही. चौघी नाही, तिघीच फिरतो. मी, शीतल, तेजल. कुंदा दिसली का कधी दिव्यासमोर?

रेवती : ...नाही. त्या खोकी बंद करतात.

नंदा : तिला दिसत नाही, मॅडम. काचबिंदू आहे. खोकी हाताच्या सवयीने बंद करते.

रेवती : ऑफिसला कळवलं नाही?

नंदा : आमच्यातल्या शुभाने स्वतःचं दुखणं कळवलं होतं गेल्या वर्षी. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच थांबवलं. कुंदाची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. नवरा घरी बसलाय, पोरगी नर्सिंगला. तिचं दिव्यासमोरचं काम कोण करणार, म्हणून आम्ही फिरायला लागलो. नवंबिवं काही सुचवायचं नव्हतं आम्हाला.

रेवती : आणि त्यांना हे माहितीय?

नंदा : आम्हाला कळलंय, हे तिला माहीत नाही. तू सिनियर आहेस, एका जागी बसून काम कर, असं सांगितलंय.

रेवती : नंदाताई, शुक्रवारी एक तरी आयडिया दाखवली नाही, तर सर हे सगळं गुंडाळतील. आणि मी अजून प्रोबेशनवर आहे.

नंदा : मग लिहा ना. पेन तुमच्या हातात आहे, मी काय हात धरणार? पण बक्षीस घ्यायला मी येणार नाही. आणि तिच्याशी बोलायचं तोंड उरणार नाही मला.

कुंदा : (डबा घेऊन येत) नंदे, मॅडम आल्यात ना गं इथे? आवाज आला. मॅडम, मलापण एक सुचलंय. तुम्हीच लिहाल का? चष्मा घरी राहिला माझा.

नंदा : कुंदे, जेव आधी.

कुंदा : जेवले गं, डबा धुऊनच आले.

रेवती : सांगा ना, कुंदाताई.

कुंदा : आपल्या लाईनवर दोन ट्यूबलाईट वाढवा. हल्ली फार मंद लागतात. या पोरींना त्रास होत असणार, बोलत नाहीत बिचाऱ्या.

नंदा : मॅडम...

रेवती : लिहितेय, शुक्रवारसाठी हेच. बरोबर आहे, कुंदाताई. उजेड कमीच आहे इथे.