मीटरने शून्य दाखवलं

उल्हास : जबडाच मोडलाय ना त्याचा? जीव तर नाही ना गेला! मग एवढी तोंडं पाडून काय बसलाय दोघं बापलेक?

अजित : आवाज खाली, उल्हासराव. हे मल्लेश्वरम आहे, इथे भिंतीला भिंत लागून घरं आहेत. आणि मल्लाप्पा कुणी परका नाही. कस्तुरी शाळेत होती तेव्हापासून या घराचं वायरिंग तो बघतो. तुमच्या येलहंक्याच्या फ्लॅटवर त्याला मीच पाठवला. त्याच्याच हातातलं ड्रिल मशीन हिसकावून तुम्ही त्याच्या तोंडावर घातलंत.

उल्हास : घातलं. परत घालीन. माझी बायको शॉक लागून फरशीवर तडफडत होती, बाबा. तुमची मुलगी! त्या वेळी काय आरती ओवाळायची होती त्याला?

अजित : मेन स्विच त्याने चालू केला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?

उल्हास : पाहायला कशाला पाहिजे? लिसन, सिंपल आहे. वॉशिंग मशीनचा पॉइंट काढत होता तो. दोन वायरी भिंतीतून लोंबत ठेवल्या आणि खाली गेला, बॉक्स आणायला. मी वीज तपासायचा मीटर लावला. शून्य. म्हणजे वायर डेड. मग कस्तुरीने हात लावला आणि तिला शॉक बसला. म्हणजे मधल्या वेळात त्या गाढवाने मेन चालू केला. दुसरं कोण करणार? पोलिसांना मी हेच सांगितलंय.

अजित : त्याच्या बायकोने मला फोनवर वेगळंच सांगितलं. तो तिला खुणा करकरून सांगतोय की किंकाळी ऐकून मी धावत वर आलो आणि मेन बंद केला. बंद, चालू नव्हे.

उल्हास : खुणा! वा! आता खुणांवर केस चालणार. म्हणून तर आलोय ना मी. तो इन्स्पेक्टर सुधींद्र आता इथेच येतोय. तो म्हणाला, तुमचे सासरे सरकारी कारखान्यात रडारवर काम केलेले इंजिनिअर, त्यांनी सांगितलं की मीटर बरोबर आहे, तर तुमच्या म्हणण्याला वजन येईल. हा घ्या मीटर. तुम्हीच दिलेला. तपासा आणि मोकळे व्हा.

अजित : खिशातला तो...

उल्हास : हो, तोच. स्वस्त आहे पण खणखणीत आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात. तुमच्या त्या रविवारच्या रिटायर्ड मंडळींना पण घ्यायला लावलात. विसरलात?

अजित : नाही विसरलो. कस्तुरी, इकडे ये. हात बघू.

उल्हास : हात डॉक्टरने बघितलाय. आधी मीटर.

अजित : पाणी हवंय का गं?

कस्तुरी : नको, अण्णा.

उल्हास : ती जास्त बोलणार नाही. धक्का बसलाय तिला. इन्स्पेक्टरने विचारलं तर मी सांगितलंय तेच सांगेल. हो ना गं? ए. हो ना?

कस्तुरी : हो.

अजित : सरी, ठीक आहे. बसा मग. त्या बाजूला नको, सोल्डरिंग आयर्न तापलंय, भाजेल. हं. आधी हा सेल. माझा टेबलावरचा जुना मीटर म्हणतो एक पॉइंट सत्तावन्न. आणि हा बारका... एक पॉइंट सत्तावन्न.

उल्हास : बघा!

अजित : थांबा हो. आता हा रेझिस्टर, एक किलोओहमचा. नऊशे अठ्ठ्याण्णव. फार छान. दोन्ही टोकं जोडली की... ऐकलंत? लगेच वाजतो, स्वल्पसुद्धा उशीर नाही. वायरी शेवयांसारख्या आहेत, डबी पातळ आहे, घरच्या लाइनवर रोज वापरायला मी कुणाला सांगणार नाही. सर्किटशी खेळणाऱ्या हौशी माणसाला मात्र यापेक्षा जास्त काही नको. हा खोटं बोलत नाही.

उल्हास : झालं तर! हेच बोला त्याच्यासमोर. एवढंच पाहिजे होतं मला. उगाच सकाळपासून माझं डोकं खाल्लं सगळ्यांनी.

अजित : अजून सॉकेट राहिलंय.

उल्हास : ते कशाला आता?

अजित : तुम्ही काय सेल मोजत नव्हतात. या बोर्डाचा दिवा लागलाय ना? म्हणजे वीज आहे. आता मीटर बंद करतो. परत चालू. व्होल्टवर ठेवला. टोकं आत घातली. वाचा काय म्हणतो.

उल्हास : शून्य.

अजित : नीट वाचा.

उल्हास : शून्य! शून्य पॉइंट शून्य! म्हणजे... च्यायला, म्हणजे मीटरच बिघडलाय! तुमचा मीटर, बाबा! भंगार गळ्यात मारलंत आमच्या! तुमच्या फुकटच्या हौसेपायी तुमची पोरगी मेली असती आज! आणि मी त्या माणसाला... नाही, नाही, आता इन्स्पेक्टरला हेच सांगायचं. दोष मीटरचा. मीटर देणाऱ्याचा!

अजित : तुम्ही सॉकेटपासून हात लांब ठेवा. माझं बोलणं संपलेलं नाही.

उल्हास : काय राहिलंय अजून?

अजित : हे पिवळं बटण. मीटर सुरू झाला की डीसीवर उठतो, म्हणजे सेलच्या, बॅटरीच्या विजेवर. भिंतीतली वीज एसी. हे बटण दाबल्याशिवाय ती याच्या हिशेबातच नसते. तुम्ही त्याला जे विचारलंत त्याचं त्याने खरं उत्तर दिलं. तुम्ही विचारलंत भलतंच. हे बघा, दाबलं. आता वाचा.

उल्हास : मला नाही वाचायचं.

अजित : वाचा ना! मघाशी तर ओरडून वाचलंत.

कस्तुरी : दोनशे एकतीस.

अजित : म्हणजे वायर पहिल्यापासून जिवंत होती. मेन कुणी चालू केलाच नाही, तो चालूच होता. मल्लाप्पा खरं सांगतोय. त्याने बंद केला, म्हणून ही आज इथे बसलीये.

उल्हास : ओके. ओके, चूक झाली. ऑनेस्ट मिस्टेक. कुणाचीही होईल. एवढ्याएवढ्या बटणाचं मला कुणी सांगितलं होतं का?

कस्तुरी : मी.

उल्हास : तू गप्प.

कस्तुरी : अण्णांनी मीटर दिला तेव्हाच मला दाखवलं होतं. मी म्हटलं, आधी पिवळं बटण दाबा. दोनदा म्हटलं.

उल्हास : गप्प बस म्हटलं ना! डोकं ठिकाणावर नाहीये तिचं, बाबा. औषधं दिलीयेत तिला.

अजित : मग तू हात का लावलास, कस्तुरी? तुला ठाऊक होतं. मग वायरीला हात का लावलास?

उल्हास : बायकांचं लक्ष कुठे असतं? लागला चुकून.

अजित : बाही वर कर. त्याच हाताची. वर, अजून वर. बोटांची टोकं जळलीत, ते विजेचं. आणि हे मनगटावर? चार वळ या बाजूला, एक त्या बाजूला. विजेने मनगटावर बोटं उमटत नाहीत, उल्हासराव.

उल्हास : तिला उचलताना धरलं असेल मी!

कस्तुरी : खोटं. मला उचललं मल्लाप्पण्णांनी. तुम्ही हात चोळत दारात उभे होतात.

उल्हास : कस्तुरी, घरी जायचंय आपल्याला. विचार करून बोल.

कस्तुरी : मी बटणाचं म्हटलं तर हे म्हणाले, मला शिकवतेस? बापाने शिकवून पाठवलंय होय? शून्य म्हणजे शून्य, विश्वास नसेल तर धरून बघ. मी नाही म्हटलं, अण्णा. हात मागे घेतला. यांनी मनगट पकडलं आणि माझी बोटं वायरीवर दाबली. यांच्या पायात रबरी चपला. मी अनवाणी, खाली मशीनचं पाणी सांडलेलं. यांना चटका बसला, यांनी सोडलं. मला सोडताच येईना. मल्लाप्पण्णा जिना चढून आलेच होते, त्यांनी सगळं पाहिलं. मेन पाडला, मला ओढलं, आणि यांच्याकडे बघून एवढंच म्हणाले, नीवू मनुष्यरा? तुम्ही माणूस आहात का? त्यावर यांनी ड्रिल उचललं.

उल्हास : मग काय ऐकून घेऊ? माझ्या घरात एक वायरमन मला माणूस आहेस का विचारणार? आण तो मीटर इकडे! आण! हे घे, हे तुझं पिवळं बटण! हे तुझं दोनशे एकतीस! झालं? झाला चुरा? आता दाखवा इन्स्पेक्टरला काय दाखवायचं ते. आणि तू ऊठ. चल घरी.

कस्तुरी : मी नाही येणार.

उल्हास : ऊठ म्हणतो ना! आज तुला दाखवतोच. बापासमोर माझी इज्जत काढतेस?

कस्तुरी : केस सोडा! अण्णा! अण्णा, ओढतायत!

अजित : सोड तिला.

उल्हास : जावयाला अरेतुरे? म्हाताऱ्या, बाजूला हो, नाहीतर तुझाही मल्लाप्पा करीन.

अजित : माझ्या हातात काय आहे बघ. सोड तिला, उल्हास. परत नाही सांगणार.

उल्हास : काय करशील? सोल्डर करशील मला? हिंमत आहे का तुझ्या... आ! आई गं! जाळलं! थेरड्या, जाळलंस मला!

अजित : याच हाताने धरलं होतंस ना मनगट तिचं? याच ना? आण, दुसराही आण!

कस्तुरी : अण्णा, बास! सोडलंय त्यांनी. सोडलंय मला! बास करा, कातडं जळतंय, अण्णा!

उल्हास : तुरुंगात सडवतो तुला! इन्स्पेक्टरला दाखवतो हा हात. साक्षीदार आहे ही!

अजित : दाखव. विचारलं तर मीही सांगणार आहे की मी जाळलं. तू काय केलंस ते तूही सांग. नीघ आता माझ्या घरातून. नीघ!

(दार आपटून उल्हास जिना उतरला. अजित आयर्न तसंच हातात धरून उभा होता. ते ठेवायचं कुठे हेच त्याला सुचेना. उभ्या जन्मात त्याने कुणाला चापट मारली नव्हती. आज माणसाला जाळलं आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटत नव्हतं, याचीच त्याला भयंकर भीती वाटली. कस्तुरीने आयर्न त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बटण बंद केलं.)

कस्तुरी : बसा.

अजित : आधी कधी मारलं होतं त्याने तुला? खरं सांग.

कस्तुरी : तुम्ही नका विचारू आत्ता.

अजित : म्हणजे मारलं होतं. आणि मी त्याला उल्हासराव, उल्हासराव करत पंक्तीत पहिलं ताट वाढत होतो.

कस्तुरी : अण्णा, मीही तेच करत होते.

अजित : सुधींद्र येतील एवढ्यात. तो खालीच गाठेल त्यांना, आधी आपलं रडगाणं गाईल. मीटरचा तर त्याने भुगा केलाय. तुला बोलावं लागेल, पोरी. जमेल ना? नाही जमलं तर मी...

कस्तुरी : जमेल. मीटर नसला तरी मी आहे ना. पण आधी मला एक फोन करायचाय.

अजित : कुणाला?

कस्तुरी : मल्लाप्पण्णांच्या बायकोला. हॉस्पिटलात त्या माझ्या पाया पडत होत्या. म्हणत होत्या, हे खुणा करतायत मेन बंद केला म्हणून, पण वय झालंय त्यांचं, चुकून चालूच केला असेल, पोटावर पाय आणू नका. स्वतःच्या नवऱ्यावर विश्वास उरला नव्हता त्यांचा. उल्हास शेजारी उभे होते. मी... मी ‘हो’ म्हणून मान हलवली, अण्णा.

अजित : रडू नकोस.

कस्तुरी : मी नुसती मान हलवली. आणि मल्लाप्पण्णा आतून बघत होते, तोंडाला पट्ट्या, डोळे एवढे मोठे.

अजित : घे फोन. लाव.

कस्तुरी : हलो, अक्का? मी कस्तुरी. नाही, नाही, तक्रार नाही. अक्का, जागे आहेत का ते? स्वल्प, जरा फोन त्यांच्या कानाला लावता? हो, आत्ताच. ...मल्लाप्पण्णा, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. मेन तुम्ही बंदच केलात. मी बघितलंय.