धूर यायलाच पाहिजे

सांगणार: शामराव, मोटार मेकॅनिक, कुंभकोणम

माझं नाव शामराव, पण कुंभकोणमांत शामराव म्हणून विचाराल तर कोणी सांगणार नाहीं, इंजिन शामण्णा म्हणून विचारा, फुलवालाही घर दाखवील. आमचे लोक राजांबरोबर तंजावरास आले म्हणतात, कोण आला, काय करायचा, मला ठाऊक नाहीं, माझ्या आज्यापासून आमचे हात काळेच आहेत. आजा भाताच्या गिरणीचीं इंजिनं उघडायचा, बाप पंपसेट, मी मोटारी. घरांत मराठी, पट्टरैंत, म्हणजे आमच्या वर्कशॉपांत, तमिळ. पुण्याचे कोणी आले होते, तुम्ही बखरीसारखं बोलतां म्हणून हंसले. हंसूं द्या.

तर आक्काची गाडी. माझी थोरली बहीण रुक्मिणी आक्का, तिचे यजमान, आमचे भावजी, आखातांत नोकरीस होते, मोटारींचे वेडे. त्यांनीं तिकडून ही रोटरी इंजिनाची गाडी आणली, घरापुढें लावली, सुट्टी संपली म्हणून परत गेले ते गेलेच, तिकडेच वारले. गाडी राहिली. आक्का ती चालवायला शिकली, काय सांगूं तुम्हांस, पन्नाशी उलटल्यावर शिकली, आणि दुसऱ्या कोणास हात लावूं देत नाहीं.

रोटरी म्हणजे ह्यांत पिस्टन नाहीं. तिकोनी लोखंड पोटांत गरगर फिरतं, त्याच्या कोपऱ्यांस पातळ पट्ट्या, त्या भिंतीस घासत जातात, त्यांस सतत तेल पाहिजे. म्हणून इंजिनाच्या कुशीस एक लहान पंप असतो, त्यास इवलासा हात, तो हात सळईनं कार्बुरेटरास बांधलेला. पाय दाबला, कार्बुरेटर उघडला, सळई ओढली, तेल जास्त. पाय सोडला, तेल कमी. तें तेल पेट्रोलाबरोबर जळतं, थोडा धूर येतो, येणारच, त्या इंजिनाचा स्वभाव तो.

जुना कार्बुरेटर कुजला. मिळाला तो दुसऱ्याच कंपनीचा, चांगला, मोठा, पण पंपाची सळई अडकवायला त्यास जागाच नाहीं. सगळे म्हणाले, शामण्णा, पंप काढ, भोकावर पत्रा लाव, पेट्रोलांतच तेल मिसळ, जुन्या स्कूटरींत मिसळत होतों तसं. चालतं तसंही. पण मिसळणार कोण, आक्का. मी म्हटलं एक दिवस विसरशील. ती म्हणाली, मी विसरेन होय रे, तुझ्या मुंजींत कोण रुसलं होतं तें सांगूं काय. जाहलं भांडण, बोलणं बंद.

मग मी माझंच केलं. समया करणाऱ्या शेजाऱ्याकडून पितळेची जाड पट्टी आणली, कापून, कानसून कार्बुरेटरास नवा हात बसवला, सळई केली, मधें एक स्प्रिंग घातली, कां, तर पंप अडकला तरी कार्बुरेटर अडकूं नये, आक्काचा पाय मोकळा राहावा. तेलाच्या बारीक नळ्या कार्बुरेटराच्या खालीं नेल्या. आक्कास बोलावून दाखवलं, म्हटलं बघ, इंजिनाचा प्राण ह्या पंपाच्या इवल्या हातांत आहे, ह्यास जप. हें मी बोललों, आणि तिनं तें मनावर घेतलं.

गिरिजा म्हणजे आक्काची एकुलती मुलगी, लग्नास बरीच वर्षं जाहल्यावर तिला दिवस गेले. आमच्याकडे अशा वेळीं तिरुक्करुगावूरास जातात, गर्भ राखणारी देवी ती, तिथें एरंडेल देतात, पोटास लावायला. आक्का म्हणाली, बापाच्या गाडींतूनच नेईन. मी पुढें बसलों, गिरिजा मागें. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, पापनाशम् जवळ आलं, आक्का आरशांत बघून म्हणते, शामा, तुझं काम फक्कड जाहलं रे, धूर अगदीं नाहीं. गिरिजाही म्हणाली, मामा, वाससुद्धां नाहीं. धूर नाहीं म्हणजे तेल जळत नाहीं. मी म्हटलं, आक्का, थांबव, आधीं थांबव.

बॉनेट उघडलं. पंपाच्या हातास हळदीचा धागा. आम्ही काप्पु म्हणतों, नवं यंत्र असो, गरोदर बाई असो, राखण व्हावी म्हणून बांधतात. आक्कानं निघतांना पूजा करून बांधला होता, पंपाचा हात आणि इंजिनास जडलेली खालची पट्टी दोन्ही धरून, गच्च. कार्बुरेटर उघडत होता, माझी स्प्रिंग ताणत होती, आणि पंपाचा हात जागचा हालत नव्हता. गाडी उभी असतांना पुरेल तेवढंच तेल, आणि आक्का तर जोरांत चाललेली. पोटांतल्या त्या कोपऱ्यांच्या पट्ट्या गेल्या तर इकडे कोठें मिळणार, भावजींची गाडी कायमची बसली.

मी पक्कड काढली. आक्कानं मनगट धरलं. दर्शनाआधीं काप्पु तोडतात काय, म्हणाली, आणि मुलगी अशी गाडींत असतां. मी म्हटलं, मग गाडी इथेंच ठेव, बसनं जाऊं. तेंही नाहीं. मी चिडलों, खरं सांगतों, भर रस्त्यांत ओरडलों, धागा मोठा कीं इंजिन मोठं. तेव्हां ती अगदीं हळू म्हणाली, ते शेवटचे निघाले तेव्हां घाईंत त्यांच्या हातास बांधायचा राहिला, शामा.

पक्कड खिशांत घातली. रडूं आलं मला.

गिरिजा उतरली, पोट सावरत पुढें आली, म्हणाली, आई, तोडूं नकोस, सोड. सोडून माझ्या हातास बांध. मग आक्का वाकली आणि तेलानं बुळबुळीत जाहलेली गांठ नखांनीं सोडवूं लागली, पुष्कळ वेळ लागला. धागा सुटला. मी कार्बुरेटर उघडून बघितला, पंपाचा हात बरोबर फिरला. तो तेलकट पिवळा धागा आक्कानं लेकीच्या मनगटास बांधला. पुढें निघालों तर मागें निळसर धूर, एक मोटारसायकलवाला शिव्या देत गेला, आणि आक्का आरशांत बघून मान डोलावतेय.

गिरिजास मुलगी जाहली, सुखरूप. मी आतां पट्टरैंत फारसा जात नाहीं, गुडघे धरतात. पण आक्का गाडी काढते तेव्हां मला हांक मारते, शामा, मागें उभा राहून बघ, येतोय काय. मी म्हणतों येतोय, सावकाश जा. मधें मी तापानं निजून होतों, तर तिनं गाडी काढलीच नाहीं. मी म्हटलं, धूर काय, गिरिजासही दिसतो कीं. म्हणाली, तूं सावकाश जा म्हटल्यावांचून माझा पाय उचलत नाहीं रे. तुम्ही बसा, काप्पी पिऊन जा. तुम्ही निघतां तेव्हांही मागें सावकाश जा म्हणणारं कोणीतरी असूं दे.