अंगणात टायर

माझं माहेर लोणी काळभोर, घर मळ्यात, आणि लग्न होऊन आले ती इथं विश्रांतवाडीला. मालक कारखान्यात लेथवर होते. दोन खोल्या, पुढं शहाबादी फरशीचं अंगण, आणि त्या अंगणात दिवसभर ऊन, एक झाड नाही की भिंतीची सावली नाही. मला तेव्हा त्या उन्हाचा राग यायचा बघा. गोरं राहायचं होतं ना मला! तोंडाला पदर गुंडाळून भांडी घासायची मी, आणि पदराखालचं तोंड लोणीतच रापून आलेलं, ते आणखी किती रापणार होतं, पण सांगणार कोण त्या महाराणीला.

पुढं कारखान्याला टाळं लागलं आणि त्याच उन्हानं आम्हाला जेवू घातलं. कुरडया, सांडगे, पापड, सगळं वाळवण मी ऑर्डरीनं करायला लागले. गिऱ्हाईक पेठेतलं, त्यांच्याशी शुद्ध बोलायला हवं म्हणून मी दारात उभी राहून आधी मनात वाक्य जुळवायची, आपण कुरडया पाहता का, फार छान आहेत, आणि दार उघडलं की तोंडातून निघायचं, बघा की बाई, लई झ्याक हायत. एक बाई म्हणाल्या, भाषण राहू द्या, कुरडई दाखवा. आणि दाखवली, तर पुढं दर वर्षी त्यांनीच माणूस पाठवून नेली.

काय सांगू तुम्हाला, कुरडई म्हणजे माणसाची परीक्षा असते. गहू भिजत घाला, रोज पाणी बदला, वाटून चीक काढा, तो शिजवून सोऱ्यातून गरम गरम पाडा. तिथून पुढचं काम आपलं नाही, फरशीचं. वरून ऊन, खालून तापलेल्या दगडाची धग, मध्ये धुतलेलं धोतर, की संध्याकाळी कुरडई आपणहून सुटून येते. मालक गेले तरी हे सुटलं नाही. नितीन माझा यावर शिकला, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, पोरगी सुवर्णा लोणीलाच दिली. तर असं ते अंगण. आता कळेल तुम्हाला, पुढं मला एवढा राग का आला ते.

मागच्या पावसाळ्यात मी नळापाशी शेवाळावरून घसरले आणि मनगट मोडलं. शेजारच्या शकीलाभाभीनं भिंतीवरून बघितलं, तिनंच उचललं. प्लास्टर निघालं तसं घरात सगळे गोड बोलायला लागले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. नितीन म्हणाला, आई, सुवर्णाकडं राहून ये की जरा, हवापालट होईल. गेले. परत आले तर फाटकातून आत पाय टाकला आणि पाय खाली दबला. अंगणभर काळ्या-तांबड्या रबराच्या फरश्या! भिंतीपासून भिंतीपर्यंत, दगडाचा तुकडा दिसेल तर शपथ. नितीन हसतोय, आई, उडी मारून बघ, पडलीस तरी लागणार नाही, जुन्या टायरपासून बनवतात, पर्यावरणाला पण चांगलं. मी म्हटलं, अरे, पर्यावरणाला विचारलंस, आईला विचारलंस का? तर म्हणे, सरप्राइज होतं.

सरप्राइज! बाईला घराबाहेर काढायची आणि तिच्या कामाच्या जागेवर टायर पसरायचे, आणि वर तिनं उडी मारून दाखवायची.

तरी म्हटलं, बघू. उन्हाळा आला, चीक काढला, रबरावर दोन धोतरं टाकून कुरडया पाडल्या. वाळल्या हो, वाळल्या नाहीत असं नाही. पहिली रास नेहमीप्रमाणे शकीलाभाभीकडं, रमजानला लागते तिला. संध्याकाळी ती तळलेली कुरडई हातात घेऊनच आली. म्हणाली, बाई, बुरा मत मानो, पर इसको गॅरेज का बास आता है. मी खाऊन बघितली. खरंच सांगते, पंक्चरवाल्याच्या दुकानात जेवायला बसल्यासारखं वाटलं. सगळी रास टाकली. एवढी वर्षं माझ्या हातची कुरडई कुणी परत आणली नव्हती.

नितीनला सांगितलं, तर म्हणाला, जाऊ दे ना आई, आता कशाला हवंय ते, मी कमावतोय. आणि सुवर्णा फोनवर बोलून गेली, बरंच झालं, आपोआप बंद होईल. आपोआप! म्हणजे मी पडू नये म्हणून नव्हते ते टायर, मी बसावं म्हणून होते. पोटच्या पोरांनी एकमेकांना फोन करकरून ठरवलेलं.

दुसऱ्या दिवशी नितीन ऑफिसला गेला तशी मी उलथणं घेऊन अंगणात बसले. शकीलाभाभी आली भिंतीपलीकडून, शेजारी बसून फरशी ओढायला लागली. मधल्या फरश्या नुसत्या एकमेकींत अडकवलेल्या, त्या निघाल्या, खाली दगड ओला, घामेजलेला. तेवढ्यात सूनबाई दारात. प्राजक्ता घरूनच काम करते, कानाला ते लावलेलं, समोर कुणाशी तरी येस येस चाललेलं. बघितलं आणि आत गेली. म्हटलं, आता नवऱ्याला फोन. तर बाहेर आली ती मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन, आणि हळूच म्हणाली, आई, कडेला सोल्युशन लावलंय, ते उलथण्यानं नाही निघायचं.

संध्याकाळी नितीन आला आणि फाटकातच थांबला. परत पडलीस तर, असा ओरडला की शकीलाभाभीच्या घरातला टीव्ही बंद झाला. मीही ओरडले. माझं अंगण, माझी हाडं, तू कोण! आणि मग तो एकदम पायरीवर बसला. म्हणाला, तू पडलीस त्या दिवशी मी आतच होतो गं. मीटिंगमध्ये, कान झाकलेले. तू हाका मारत होतीस म्हणे. मला ऐकूच आलं नाही, शेजारणीला ऐकू आलं.

मला त्याचा जास्तच राग आला. म्हटलं, मग हे बोलायचं होतंस की रे मेल्या, तोंडानं सांगायचं ते सांगायला टायर कशाला आणलेस?

आता नळापासून दारापर्यंत आणि दारापासून फाटकापर्यंत रबर आहे, तिथं पाय निसटत नाही, ते मी मान्य करते, पण त्याच्यापुढं नाही. उन्हातला सगळा दगड माझा आहे. चीक मी काढते, बादली प्राजक्ता उचलते. राग गेलाय असं समजू नका, सुवर्णाशी मी अजून मोजकंच बोलते. नितीन घरी असला की अंगणाच्या खिडकीत बसतो आणि एक कान उघडा ठेवतो. मीही कधी कधी, काही झालेलं नसताना, मोठ्यानं हाक मारते. धावत येतो, चपला न घालता, तोंड पांढरं झालेलं, काय झालं, काय झालं? मी म्हणते, काही नाही रे, कावळा हाकल तो. मग माझ्याकडं बघून दात-ओठ खातो आणि हाकलतो बिचारा. औक्षवंत होवो.